फणसाला जामीन

माघ महिन्यात घरच्या बागेत काय काय करावं, ते दिवाळी अंकासाठी सोप्या भाषेत लिहून द्या, असं संपादकांनी मला सांगितलं. त्यांच्या अंगणातल्या मोगऱ्याची छाटणी मीच करतो, त्यामुळे नाही म्हणता येईना. वाचकांना उपयोग होईल असं लिहा, हेही त्यांनी बजावलं. उपयोगाचं जे आहे ते मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढचं ज्याला वाचायचं असेल त्याने वाचावं. ते कोणाच्या उपयोगाचं नाही, माझ्याही नाही.

तर माघ. रत्नागिरीत थंडी म्हणजे पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते, तेवढीच. पण झाडांना ती पुरते. सकाळी गवतावर दव असतं, दुपारी कातळ तापायला लागतो, आणि झाडं या दोन्हींच्या मधे अवघडून उभी असतात. या दिवसांत मोगऱ्याची पानं ओरबाडायची, काड्या गुडघ्याएवढ्या ठेवून बाकी छाटायच्या, पाणी तोडायचं. मूळ उघडं करून चार दिवस ऊन खाऊ द्यायचं. मग शेणखत, मग पाणी. असं केलंत तर चैत्रात मोगरा फुलतो, नाहीतर नुसता पाला वाढवत बसतो. जास्वंदीच्या शेंड्याला पांढरा पिठ्या ढेकूण येतो, तो हाताने चिरडायचा, किळस करायची नाही. नारळ-पोफळीची आळी रुंद करायची, त्यात नारळाची सोडणं उपडी रचायची, वर वाळका पातेरा टाकायचा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात ओल टिकते. पातेरा जाळायचा नाही. हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे जाळतात.

नारळाला मासळीचं खत चांगलं. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून पोतं आणून मी घालायचो. आमचे एक गिऱ्हाईक होते, घरात कांदासुद्धा आणत नसत. त्यांना नारळ मोठे हवे होते. मी त्यांना न विचारता खत पुरलं, तर रात्रीत गावातली सगळी मांजरं त्यांच्या आगरात जमली. दुसऱ्या दिवशी ते नाकाला रुमाल लावून म्हणाले, "शांताराम, हे काय पुरलंयस माझ्या घरात?" मी म्हटलं, "पुढल्या सालाला इचारा." पुढच्या वर्षी नारळ बघून त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, औंदा रविवारी नको टाकू, आमच्याकडे पाहुणे असतात.

असे दिवस होते. माणसं भांडायची, पण झाडावरून भांडायची. आंब्याची फांदी कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे गेली म्हणून दोन भाऊ बोलत नव्हते, ती दोघांच्या मधली फांदी मी वर्षानुवर्षं राखली. आता त्या घराला कुलूप आहे आणि फांदी कोणीकडे गेली याचं कोणालाच सोयरसुतक नाही. मला त्या भांडणाची आठवण येते, हे सांगायला लाज वाटते, पण येते.

आता माझी गिऱ्हाइकं कशी आहेत ते सांगतो. एक साहेब मुंबईला असतात. त्यांनी अंगणात कॅमेरा बसवलाय. मी पाणी घालायला लागलो की भिंतीवरच्या डबीतून त्यांचा आवाज येतो, "काका, कुंडीला जरा कमी!" मी डबीकडे बघून मान हलवतो. तो माणूस चार वर्षांत एकदाही ती कुंडी हाताने उचलायला आला नाही. दुसऱ्या एका बाईंनी गच्चीत हिरवी भिंत केली. मला बोलावलं, म्हटलं वेली असतील. बघतो तर सगळं प्लास्टिक. पानं प्लास्टिक, गवत प्लास्टिक, एक फुलपाखरूसुद्धा चिकटवलेलं. मी विचारलं, "यात मी काय करू?" त्या म्हणाल्या, "धूळ बसते ना हो, महिन्यातून एकदा धुऊन द्या." मी धुतो. ब्रश घेऊन साबणाच्या पाण्याने पानं घासतो. आयुष्यभर झाडांत काम केलेल्या माणसाला शेवटी हे करावं लागेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण करतो. घरी बसून करणार काय?

आता बाईंची गोष्ट.

बाई म्हणजे प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. मी त्यांच्या हाताखाली शिकलो नाही, पण आमच्या भागात सगळे त्यांना बाईच म्हणतात. ऐंशीच्या पुढे वय. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा अविनाश मुंबईला एका ऑफिसात, तिथेच त्याचा संसार. बाई गावाच्या टोकाला जांभ्या दगडाच्या बैठ्या घरात एकट्या राहत. पुढे अंगण, मागे परसू, परसवात विहीर, आणि विहिरीपासून थोड्या अंतरावर फणस.

हा फणस बाईंनी स्वतः आठळी पुरून लावलेला. आठळी त्यांच्या माहेरची, राजापूरकडच्या एका गावातली. माहेरचं ते मूळ झाड रस्ता रुंद झाला तेव्हा गेलं. त्याआधी एका मे महिन्यात बाईंनी तिथला फणस खाल्ला, आठळ्या धुऊन पदरात बांधून आणल्या, त्यातली एक रुजली. झाड मोठं झालं, सावली दाट झाली, पण फळ म्हणून एक धरलं नाही. वीस-बावीस वर्षांत एक नाही.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. फणसाचे दोन प्रकार. कापा आणि बरका. काप्याचे गरे कडक, खणखणीत, सुरीने कापून खायचे. बरक्याचे गरे बुळबुळीत, घशाखाली सरकणारे, त्याची फणसपोळी होते. आमच्याकडे घराघरात यावरून दोन पक्ष असतात. आता कलम लावलं तर आधीच माहीत असतं काय निघणार ते. पण आठळीपासूनचं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नसते. काप्याच्या आठळीचा बरका होतो, बरक्याचा कापा होतो. पहिलं फळ पिकून फोडलं की तेव्हाच कळायचं. त्याआधी झाडाकडे बघून, पान चोळून, कोणालाही सांगता येत नाही. माझ्या बापसालाही येत नव्हतं, मलाही येत नाही.

बाईंच्या माहेरचा फणस कापा होता. बाईंचं एकच पालुपद असे, "शांताराम, आमचा कापाच निघेल. तुला काय वाटतं?" मी म्हणायचो, "आधी धरू दे तर खरा." तशा त्या रागवायच्या. त्या झाडाला काही बोललेलं त्यांना चालत नसे.

झाड का धरत नव्हतं, त्याचं कारण मला दिसत होतं. बाई त्याला फार जपत. तांदुळाचं धुवण, भांड्यांचं पाणी, ताकाचं भांडं विसळलेलं, सगळं त्याच्या बुंध्यात. एवढं खायला-प्यायला मिळाल्यावर झाड कशाला धरेल? झाडाला थोडी ओढ लागावी लागते. मी सांगून सांगून थकलो. बाई म्हणायच्या, "तहानलेल्याला पाणी नको म्हणू नये."

दोन वर्षांपूर्वीच्या माघात अविनाश चार दिवस आला होता. मुळांनी मागची संरक्षक भिंत उचलली होती आणि गाडी आत घ्यायला जागा नव्हती. जेवताना विषय निघाला. मी पडवीत चहा घेत होतो, म्हणून ऐकलं. अविनाश म्हणाला, "आई, त्या झाडाचा उपयोग काय? एक फळ नाही. तोडून टाकू या. गाडी तरी राहील."

बाईंनी ताटातला हात थांबवला. म्हणाल्या, "धरला तर?"

"वीस वर्षांत धरला नाही, आता धरणार?"

"धरला तर ठेवशील?"

अविनाश हसला. मुलगा वाईट नाही, आईवर जीव आहे त्याचा. म्हणाला, "पुढच्या माघापर्यंत धरला ना, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. झाडाचाही नाही आणि तू मुंबईला ये असाही नाही. राहा इथेच, खा फणस."

बाई उठल्या, हात धुऊन सरळ पडवीत आल्या. "शांताराम, धाक घालायचा. उद्या अवस आहे."

धाक घालणं म्हणजे काय तेही सांगायला हवं. आमच्याकडे झाड धरत नसलं तर माघात त्याला धाक घालतात. दोन माणसं लागतात. एक जण कोयता घेऊन झाडापुढे उभा राहतो आणि पाडण्याची धमकी देतो. दुसरा मधे पडतो, झाडासाठी रदबदली करतो, जामीन राहतो. मग कोयतेवाला त्या जामिनाच्या शब्दावर झाडाला सोडतो. शास्त्र विचाराल तर कोयत्याच्या उलट्या बाजूने बुंध्याला ठोकतात, सालीला मार बसतो, झाड घाबरून धरतं. घाबरून म्हणा, नाहीतर दुखून म्हणा. पण आमची जुनी माणसं म्हणत, मार महत्त्वाचा नाही, जामीन महत्त्वाचा. झाडाला कळतं की आपल्यासाठी कोणी शब्द टाकलाय.

यात एक अट असते. जामीन घरचा असून चालत नाही. घरचं माणूस आपलंच झाड सोडवणार, त्यात झाडाला कसला धाक? शेजारचा लागतो. माझ्या लहानपणी यासाठी शेजाऱ्यांना आमंत्रण जायचं, चहा-पोहे व्हायचे, पोरं खिदळत उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमरेला कोयता लावून आलो. बाईंनी पेंढ्याची जाड वेणी वळून ठेवली होती, जामीन राहिल्यावर बुंध्याला बांधायला. मग त्या सवयीने गडग्याशी गेल्या आणि पलीकडे हाक मारली. पलीकडे कोणी नव्हतं. ते घर सहा महिने बंद होतं. दुसऱ्या बाजूला तर नुसतंच जोतं उरलेलं, घर पाडलेलं, इमारतीचा खड्डा खणलेला. बाई दोन्हीकडे बघून परत आल्या. मी म्हटलं, "रस्त्यावरनं कोनाला बोलवू काय?"

"परक्याचा कसला जामीन?" त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून, "मी राहते."

"घरचं चालत नाय, बाई."

"मी घरची म्हणून नाही राहत. बी माझ्या माहेरचं आहे ना? मी माहेरची म्हणून उभी राहते. माहेरच्या माणसाला चालतं."

अविनाश पायरीवर मोबाइल घेऊन हसत उभा होता, त्याने चित्रण केलं. मी कोयता उलटा धरून बुंध्यावर ठोकला. ओरडलो, "काय रं फणसा, धरतोस का पाडू?" झाडावरचे कावळे उडाले. पुन्हा ठोकला. तिसऱ्यांदा कोयता उचलला तशा बाई लुगड्याचा पदर खोचून मधे आल्या. मला वाटलं होतं गंमत म्हणून करतील. पण बाईंचा आवाज कापत होता.

"नको पाडू. पुढच्या सालाला धरेल तो."

"जामीन कोन?"

"मी जामीन."

"तुमच्या शब्दावर सोडतो," मी म्हटलं आणि कोयता कमरेच्या आकडीला लावला. बाईंनी बुंध्याला पेंढ्याची वेणी बांधली, गाठ मारली, आणि झाडाच्या सालीवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनी धुवण बुंध्यात ओतलं नाही. भाताचं पाणी लांब अळूत टाकायच्या. झाडाकडे बघून म्हणायच्या, "काय करू बाबा, जामीन आहे मी तुझी."

श्रावणात बाई विहिरीच्या पायरीवर शेवाळावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. सकाळी मी आलो तेव्हा त्या तिथेच पडलेल्या, पावसात भिजलेल्या, शुद्धीवर. मला बघून पहिलं वाक्य म्हणाल्या, "अविनाशला कळवू नकोस." कळवावं लागलं. तो रातोरात आला आणि ऑपरेशननंतर त्यांना मुंबईला घेऊन गेला. गाडीत आडवं ठेवलेल्या बाईंनी काच खाली करायला लावली. म्हणाल्या, "माघात बघ हां. मला कळव." त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. आधी माझी, माझ्या बायकोची चौकशी, मग मोगरा, अबोली, पोफळी. शेवटी, जणू सहज, "आणि तो?"

मी सांगायचो, "अजून काय नाय."

पौषात अविनाशचा फोन आला. जागा बिल्डरला दिली होती. घर त्याच्याच नावावर होतं. आई आता एकटी राहू शकणार नाही, घर बंद ठेवून कुजवायचं का, इमारत झाली की त्यात एक फ्लॅट आपलाच, तेव्हा आईला आणू, असं त्याने समजावलं. बोलणं चुकीचं नव्हतं. मला राग कोणावर काढावा तेही कळेना. म्हणाला, "काका, पुढच्या महिन्यात काम सुरू होईल. बागेतलं तुम्हाला हवं ते काढून न्या. आईला मी सावकाश सांगेन, तुम्ही नका सांगू."

तर गेल्या माघात मी बाईंच्या परसवात झाडं उपटत होतो. मोगऱ्याची मुळं काढली, अबोलीची रोपं काढली. ज्या महिन्यात मी लोकांना छाटा, खत घाला, आळी करा सांगतो, त्या महिन्यात. हात कामाला होते, पण जीव नव्हता. हळदीच्या वाफ्यातून वाकून सरकत फणसाच्या बुंध्याशी आलो आणि पेंढ्याच्या वेणीखाली, गुडघ्याच्याही खाली, मला अंगठ्याएवढी हिरवी कुयरी, म्हणजे कोवळा फणस, दिसली.

मी तिथेच खाली बसलो.

एक नव्हती. बुंध्यावर फिरून बघितलं तर खालच्या अंगाला बऱ्याच होत्या. तरी मी घाई केली नाही. फणसाला नर फुलंही तशीच दिसतात, ती काळी पडून गळतात. आठवडाभर रोज जाऊन बघितलं. काही गळली. जी राहिली ती फुगत गेली, अंगावर काटे दिसायला लागले. झाड धरलं होतं. बाईंच्या शब्दाखातर की माझ्या कोयत्यामुळे की धुवण बंद झालं म्हणून, मला माहीत नाही. धरलं होतं एवढं खरं.

रविवारी बाईंनी विचारलं, "आणि तो?"

अविनाशने सांगू नका म्हटलं होतं ते जागेबद्दल. फणसाबद्दल तो काही बोलला नव्हता, आणि माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "बाई, धरला."

बाईंनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "खाली धरला असेल. पहिला खालीच धरतो."

"व्हय. वेणीच्या खाली."

"बघ! बघ, मी जामीन होते!" बाई रडत होत्या की हसत होत्या कळलं नाही. "मी शिमग्याला येते. अविनाशला सांग, तो शब्दाचा पक्का आहे."

दुसऱ्या दिवशी अविनाशचा फोन आला. रागावलेला नव्हता, रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "काका, आई बॅग भरून बसलीय. उभं राहता येत नाही, आणि बॅग भरून बसलीय. मी तिला आता काय सांगू?"

मी म्हटलं, "तूच बोलला होतास ना, धरला तर ठेवीन?"

"मी गमतीत म्हटलं होतं, काका. मला काय माहीत तो खरंच धरेल?" मग म्हणाला, "आता माझ्या हातात काही नाही. ती चालायला लागेपर्यंत तरी काही सांगू नका. पाया पडतो."

झाड पाडायला आले त्या दिवशी मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. तीन माणसं, यंत्राची करवत, दोरखंड. त्यातला करवतवाला तरुण, दुसऱ्या जिल्ह्यातला, बोलायला नम्र. मी जाऊन झाडापुढे उभा राहिलो. काय बोलावं हे मी ठरवलं नव्हतं. तोंडातून तेच आलं, जे मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो, कारण मी नेहमी कोयतेवाला असायचो.

"नको पाडू," मी म्हटलं. "मी जामीन."

त्याला त्यावर काय म्हणायचं असतं ते ठाऊक नव्हतं. त्याने निदान विचारायला हवं होतं, कसला जामीन? मग मी दाखवलं असतं, हे बघ, धरलेला आहे, पुढच्या सालाची गोष्टच नाही. पण तो बिचारा गोंधळून हसला. "काका, बाजूला व्हा," म्हणाला, "फांदी अंगावर येईल." आणि माझ्या खांद्याला धरून हळूच मला बाजूला नेऊन उभं केलं.

फणस पडायला वेळ लागला नाही. आतलं लाकूड पिवळंधमक निघालं. चीक एवढा वाहिला की पातेरा पांढरा झाला. कुयऱ्या मी गोळा केल्या, दुसरं काय करणार? माझे हात चिकाने भरले. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, खोबरेल चोळून काढावा लागतो. बायको तेलाची वाटी घेऊन बसली. तिने कुयऱ्यांची भाजी केली, शेजारी वाटली. मी खाल्ली नाही. भाजीला चिरताना मी एक कुयरी हातात घेऊन निरखून बघितली. आत नुसतं पांढरं, सगळं सारखं. गरे नाहीत, आठळी नाही. कापा की बरका, त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतरचे रविवार मी कसे काढले ते माझं मला माहीत. बाईंना शिमग्याला येता आलं नाही, पाय साथ देत नव्हता. पण फोन चुकला नाही. "केवढे झाले?" त्या विचारायच्या. मी म्हणायचो, पेरूएवढे. मग नारळाएवढे. चैत्रात म्हटलं, एक कोहळ्याएवढा झालाय. "गोणपाटाने बांधून ठेव, माकडं येतील," बाई म्हणायच्या. मी म्हणायचो, बांधलाय. त्या जागी तेव्हा खड्डा खणून झाला होता, लोखंडी सळ्या उभ्या होत्या. मोगरा कसा आहे? बहरलाय, बाई. अबोली? चांगली आहे. विहिरीचं पाणी? भरपूर. विहीर बुजवली होती. माझ्या हातून आयुष्यात एवढी मोठी बाग कधी झाली नव्हती. तिला पाणी लागत नव्हतं, खत लागत नव्हतं, आणि फोन ठेवला की मला जेवण जात नसे.

मी स्वतःची समजूत घालायचो, की म्हाताऱ्या माणसाला तेवढंच सुख. पण सुख माझ्या खोटेपणाचं नव्हतं, सुख त्या फणसाचं होतं. आणि त्याने ते खरोखर दिलं होतं. बाईंनी मागितलं तेच त्याने केलं, ठरल्या मुदतीत केलं. शब्द देणारे आम्ही तिघे होतो, मी, बाई आणि अविनाश. पाळला तो झाडाने. या एका गोष्टीपुढे मला माझ्या सगळ्या आयुष्याचं काम फुकट गेल्यासारखं वाटतं. लोक मला म्हणतात, शांताराम, एवढं काय, एक झाड होतं. होतं खरं.

ज्येष्ठात, पाऊस तोंडावर आला असताना, रविवारी फोन आला. त्या दिवशी बाईंचा आवाज हलका होता. काठी घेऊन चार पावलं चालल्या होत्या. मोगरा, पोफळी काही विचारलं नाही. एकदम म्हणाल्या, "पहिला पिकला असेल. फोडलास ना? कापा निघाला की बरका?"

यातलं एक काहीतरी सांगायचं होतं. कापा म्हटलं असतं तर बाई खूश झाल्या असत्या. इतके महिने मी पेरू म्हटलं, नारळ म्हटलं, कोहळा म्हटलं, जीभ अडखळली नाही. पण हे मला बोलता येईना. फळ केवढं झालं असतं ते मला माहीत होतं, तसं ते होणारच होतं. कापा की बरका हे फक्त त्या झाडाला माहीत होतं. त्याच्या वतीने मी काय म्हणून बोलू?

मी गप्प राहिलो. पलीकडे पंखा फिरल्याचा आवाज येत होता. आयुष्यभर मुलांच्या गप्प बसण्यावरून उत्तरं ओळखलेली बाई ती.

"कधी पाडला?" त्यांनी विचारलं.

"माघात."

"धरलेला असताना?"

"व्हय, बाई."

मला वाटलं त्या रडतील, मला बोलतील, अविनाशला हाक मारतील. त्यांनी काही केलं नाही. शाळेत हिशोब तपासत असाव्यात तशा आवाजात म्हणाल्या, "म्हणजे त्याने शब्द पाळला होता."

"पाळला होता."

"मग मी जामिनातून सुटले म्हणायची."

फोन ठेवलाय असं समजून मी कानावरून खाली घेत होतो, तेवढ्यात पुन्हा आवाज आला. माझ्याशी बोलत नव्हत्या.

"पण कापा का बरका," बाई म्हणाल्या, "ते राहिलंच."